रामशेजवरील सुरुंग व श्रमदान

‘सुरुंग’ हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’पासून संस्कृतमार्गे आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचा अर्थ भुयार असा आहे. मराठीत तो पुढे स्फोटाच्या दारूशी जोडला गेला. नाशिकच्या गंगापूर रोडपासून उत्तरेस असलेल्या रामशेज किल्ल्यास मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला व सुरुंग खणले, असे खाफीखान सांगतो. लोखंडी तोफा नसता गडकऱ्यांनी लाकडी तोफांनी प्रतिकार केला.

शत्रूने खणले ते गड पाडण्यासाठी. अलीकडे नाशिकच्या स्वयंसेवकांनी गाळाने बुजलेली टाकी मोकळी केली ती गड राखण्यासाठी. हे श्रमदान स्तुत्य होय. तथापि गाळाचे थर हाही इतिहासाचा पुरावाच असतो. नोंद न करता तो उपसला, तर वास्तू वाचते, परंतु तिचा वृत्तांत नष्ट होतो. म्हणून कुदळीबरोबर नोंदवहीही गडावर जावयास हवी.