नातवाची गाडी, दायमाबादची गाडी आणि डबाभर जुन्या बेरिंगा



पोळ्याला आठ दिवस होते. नातू म्हणाला, "आबा, आपल्याकडं बैल नाहीत, मग मी येशीवर काय घेऊन जाऊ?" वय वर्षं सहा. म्हटलं, मातीचे आहेत की देव्हाऱ्यापुढं. तर म्हणाला, "ते ओढता येत नाहीत." आता याला काय उत्तर देणार? बैलजोडी मीच विकली, २०१९ च्या उन्हाळ्यात. चारा नव्हता, छावणीत नेऊन बांधायचं माझ्या वयाला जमेना, आणि ट्रॅक्टर भाड्यानं मिळत होता. हिशोबानं बरोबर होतं. पण पोळ्याच्या दिवशी हिशोब कोणी विचारत नाही.

मग त्यानं आईच्या मोबाईलवर एक गाडी दाखवली. पत्र्याची, लाल रंगाची, चार चाकं, पुढं धरायला दांडा. अमेरिकेतली पोरं असल्या गाडीत कुत्रं, बाहुली, भोपळा काय वाट्टेल ते घालून ओढत हिंडतात. "अशी करा." मी करतो म्हणालो. ती कशी केली ते लिहितोच, पण करताना डोक्यात जे फिरत होतं ते आधी लिहितो. पोरांच्या गाडीला इतिहास असतो हे मला या आठ दिवसांत समजलं.

त्या लाल गाडीचं मूळ शोधलं. शिकागोत अंतोनियो पासीन नावाचा इटलीहून आलेला एक सुतार होता. ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवायचा. हत्यारं न्यायला त्यानं स्वतःसाठी एक छोटी लाकडी गाडी ठोकली. गिऱ्हाईक कपाट बघायला यायचं आणि गाडीच मागायचं. १९१७ पासून तो त्या गाड्याच करू लागला. पुढं मोटारींच्या कारखान्यात पत्रा दाबून भाग काढतात ते बघून त्यानं गाडी पत्र्याची केली. म्हणजे बघा, ते खेळणं आधी खेळणं नव्हतंच. ते एका कारागिराचं कामाचं साधन होतं.

आपल्याकडं याहून फार जुनं उदाहरण आहे, आणि तेही आमच्या प्रवरेच्या काठावर. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. १९७४ साली तिथं एक शेतकरी झाडाचं मूळ खणत होता. त्याच्या कुदळीला लागल्या चार ओतीव वस्तू: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांची गाडी. गाडी ४५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद, चाकं भरीव, आरे नाहीत. गाडीत माणूस उभा आहे, तोही १६ सेंटिमीटर उंच. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गाडीच्या दांडीवर एक कुत्रं उभं आहे. गेंड्याला आणि रेड्यालाही खाली चाकं आहेत. ओढत न्यायच्याच वस्तू त्या.

बरेच अभ्यासक त्यांचा काळ उत्तर हडप्पा, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपासचा धरतात. धातूची तपासणी करून काहींनी त्या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात असंही म्हटलंय. तो वाद मोठ्या माणसांनी मिटवावा. पोरांची खेळणी मात्र त्या नसाव्यात, फार जड आहेत. देवाच्या मिरवणुकीत ओढत असतील असा अंदाज करतात. पोरांसाठीच्या हडप्पाकाळातल्या गाड्या वेगळ्या, भाजक्या मातीच्या, हडप्पा आणि चन्हुदडोला सापडलेल्या. त्यांचीही चाकं भरीवच. मोठ्यांची धातूची, लेकरांची मातीची.

आमच्या लहानपणी तरी दुसरं काय होतं? बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होतो, तेव्हा माझी आठवण त्याच्या पुढची. ज्वारी काढली की ताटाच्या गाड्या. मालदांडीचं ताट सरळ आणि उंच. वरची साल सोलायची, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्या टोचून टोचून गाडी उभी करायची. साटी, जू, बैल सगळं त्यातच. चाकं ओल्या काळ्या मातीची, वाळवलेली. दोन दिवस टिकायची. मग पाटाला पाणी आलं, ज्वारी गेली, ऊस आला. उसाच्या वाढ्याची गाडी होत नाही, आम्ही करून पाहिली. पीक बदललं तसं आमचं खेळणं बंद पडलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण पोरं थांबत नाहीत. झिजलेल्या स्लिपरची चाकं कापायची, मधून खिळा घालायचा, वर काडेपेटी नाहीतर डबा. सायकलची रिकामी रिंग काठीनं पळवायची. आणि विहिरीवर इंजिनं जाऊन विजेच्या मोटारी आल्या तशी बेरिंगची गाडी आली. फळीखाली तीन बेरिंगा, पुढची एक वळणारी. शाळेपुढच्या डांबरी उतारावरून असा आवाज यायचा की मास्तर वर्गातून बाहेर. माझ्या चुलतभावाच्या करंगळीचं टोक त्या बेरिंगखाली गेलं, ते अजून तसंच आहे. म्हणून नातवाला उघड्या बेरिंगची गाडी द्यायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं.

दुसरंही कारण होतं. बेरिंग डांबरावर पळते, मातीत रुतते. अर्ध्या इंचाच्या कडेवर सगळं वजन येतं. आमच्या वस्तीवर डांबर कुठं आहे? मुरूम, आणि पाऊस झाला की चिखल. हीच अडचण मोठ्या गाडीची होती. जुन्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी मारायचं. गार होताना ती आवळायची आणि पाटे, आरे, तुंबा सगळं एकजीव व्हायचं. वंगण घातलेल्या आसावर ते चाक कुरकुरत पन्नास वर्षं चालायचं, पण ओल्या रानात ती अरुंद धाव सुरीसारखी आत जायची. मागं राहायची चाकोरी.

यावर उपाय कुठून आला ते वाचून मी गार झालो. आपण ज्याला डनलॉपची गाडी म्हणतो, तो जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर होता. मूळचा स्कॉटलंडचा, धंदा आयर्लंडात बेलफास्टला. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार दणके द्यायची. १८८७ साली त्यानं एका लाकडी चकतीवर रबराची हवा भरलेली नळी गुंडाळली. मग वाड्यातच ती चकती आणि सायकलचं मूळ लोखंडी चाक ढकलून पाहिलं. लोखंडी चाक थोडं जाऊन पडलं. रबराचं वाड्याच्या टोकापर्यंत गेलं आणि फाटकाच्या खांबाला आपटून मागं फिरलं. पुढच्या वर्षी त्यानं पेटंट घेतलं. तशीच युक्ती रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं चाळीस वर्षं आधी नोंदवून ठेवली होती, म्हणून ते पेटंट पुढं टिकलं नाही. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं, अगदी आपल्या उसाच्या फडापर्यंत.

एका पोराची सायकल नीट चालावी म्हणून केलेलं चाक पुढं बैलगाडीला लागलं. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, त्यामागून एकेक कारखाने उभे राहिले आणि ऊस वाहायला टायरच्या गाड्या आल्या. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टायरगाडी घेतली तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. जुनी लाकडी चाकं गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. ती तिथंच राहिली, २०२० मध्ये मी धावा काढून भंगारात घालेपर्यंत. काटा लावला, किलोवर पैसे मिळाले. दादा ओसरीवर बसून होते. काही बोलले नाहीत, उठून आत गेले. तो विषय आमच्यात परत निघाला नाही.

आता गाडी. ज्यांना करायची त्यांनी इथून नीट वाचा, कारण मी चुकलोय तिथं तुम्ही चुकू नका.

मोटार जळाली की भरायला देतो, तेव्हा बेरिंगा बदलतात. जुन्या मी मागून आणतो आणि डब्यात टाकतो. बाकी शेतकरी तिथंच सोडून येतात. डब्यात आठ निघाल्या, सगळ्या ६२०५. हा आकडा वाचायला शिका, उपयोगी आहे. शेवटचे दोन अंक गुणिले ५ केलं की आतल्या भोकाचा मिलिमीटर निघतो. ०५ म्हणजे २५. बाहेरून ५२, जाडी १५. एका मोटारीत दोन बेरिंगा, म्हणजे आठ बेरिंगा म्हणजे चार वेळा मोटार जळाली. दोनदा व्होल्टेज कमी होतं म्हणून, एकदा एक फेज गेली म्हणून, आणि एकदा माझ्याच आळसानं, विहिरीला पाणी नसताना चालू राहिली.

बेरिंगा रॉकेल मिळेना म्हणून डिझेलमध्ये धुतल्या, फिरवून पाहिल्या, ग्रीस भरलं. मोटारीच्या वेगाला त्या बाद होत्या, पोराच्या चालीला नव्यासारख्या.

चाकं भरीव केली, नऊ इंची. एका फळीची चकती रेषेत फाटते, म्हणून जुन्या दाराच्या कडुनिंबाच्या दोन फळ्या एक उभी एक आडवी धरून चिकटवल्या आणि बोल्ट मारले. मधे ५२ मिलिमीटरचं भोक सुताराकडून पटाशीनं करून घेतलं. पहिल्यांदा कंजूषपणा केला, चाकाला एकच बेरिंग ठोकली. चाक असं डुलायला लागलं जसं काही पिऊन आलंय. मग दोन्ही बाजूंनी एकेक बसवली आणि मधे पाइपाचा तुकडा ठेवला. डुलणं गेलं.

दुसरी चूक आसाची. एक इंची सळई आणली, ती बेरिंगमध्ये जाईना. हातोडीनं घालायला गेलो, एक बेरिंग तडकली, ती भंगारवाल्याकडून दुसरी आणावी लागली. दहावी पास माणसानं हे आधी ओळखायला हवं होतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि भोक २५ चं. ते पाव-अर्धा मिलिमीटर लेथवाल्यानं दोन्ही टोकांना उतरवून दिलं, चहाच्या पैशात. बाहेरून सळईला भोक पाडून कुणी घातली, जुन्या गाडीला असते तशीच.

चाकाच्या कडेला मोटारसायकलच्या जुन्या टायरची पट्टी. खिळे नकोत, झिजल्यावर डोकी वर येऊन टोचतात. स्क्रू मारून खोल बसवा. पुढचा आस एका जाड बोल्टवर फिरता ठेवला, मधे पत्र्याची चकती आणि ग्रीस. तो फार वळू देऊ नका, गाडी उलटते. आपली बैलगाडी दोन चाकी का, हे तेव्हा कळतं. दोन चाकी बांधाच्या कोपऱ्यात जागच्या जागी फिरते. चार चाकीला वळायला रान लागतं.

खालची चौकट मोडक्या टायरगाडीच्या साटीतल्या बाभळीची. वर टोमॅटोचं फुटकं कॅरेट, कडा घासून. नांगराला मारून उरलेला लाल ऑइलपेंट होता, तो सगळ्याला मारला. ओढायला लोखंडी पाइप. राहिली मूठ.

मुठीला काय लावावं म्हणून पडवीत हुडकत होतो तर जुवाची एक शिवळ हाताला लागली. जू कुठं गेलं माहीत नाही, शिवळ राहिली होती. वीतभराहून थोडी मोठी. पाइपाच्या टोकाला आडवी बसवली, पोराच्या दोन्ही हातांत मावते. रंग नाही दिला तिला.

दादांना आता नीट दिसत नाही. नातू गाडी त्यांच्यापुढं घेऊन गेला. त्यांनी सगळं चाचपून पाहिलं, चाकं फिरवून कान लावला, मग मूठ हातात घेतली आणि तीवर अंगठा फिरवत राहिले. एका अंगानं ती झिजलेली आहे.

"ही पवळ्याच्या अंगाची," म्हणाले. "तो मान आत घालून ओढायचा." मग माझ्याकडं वळून, "धाव चढवताना तू पाणी घालायला असायचास. आठवतं का?"

आठवतं म्हणालो. त्या दोन धावांबद्दल तेवढंच बोलणं झालं, पण झालं.

नागपूरकडं तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल चाकांवर ओढत नेतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असं तिकडचे लोक सांगतात. आमच्या भागात तशी पद्धत नाही. त्यामुळं पोळ्याच्या दिवशी येशीवर गावातल्या उरलेल्या अकरा बैलजोड्या आणि त्यांच्यामागं ही लाल गाडी, असं दृश्य होतं. कॅरेटमध्ये मातीचे दोन बैल, झेंडूची माळ घालून. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर नातवाला बोजारा म्हणून दहा रुपये दिले.

परत येताना मी मागून चालत होतो. चढाला गाडी जड झाली तसा नातू थांबला. बघतो तर वस्तीवरचं कुत्रं उडी मारून गाडीत चढलेलं, पुढच्या कडेवर दोन पाय ठेवून, तोंड रस्त्याकडं.