रुग्णालयवासजन्य परावलंबन

रुग्णालयवासजन्य परावलंबन म्हणजे आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ज्येष्ठ व्यक्तीला, पूर्वी स्वतः करता येत असलेले एक वा अधिक दैनंदिन व्यवहार घरी परतताना करता न येणे. मूळ आजार बरा झाला असतानाही ही अवस्था उद्भवते. न्यूमोनियाचा ताप उतरतो, श्वास सुधारतो. परंतु रुग्णाला आधाराविना शौचालयापर्यंत जाता येत नाही. अमेरिकेतील अभ्यासांनुसार, रुग्णालयात राहिलेल्या सत्तरीपुढील रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना असे परावलंबन येते. वयाबरोबर हे प्रमाण वाढते.

मोजमाप
स्वावलंबन मोजण्यासाठी अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांचा १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला निर्देशांक प्रचलित आहे. त्यात आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा बाबी पाहिल्या जातात. आजारापूर्वीची स्थिती ठाऊक असल्याशिवाय झालेली हानी कळत नाही. म्हणून दाखल करून घेतानाच तिची नोंद करणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास
सक्तीची विश्रांती हा दीर्घकाळ उपचाराचाच भाग मानला जात होता. ब्रिटिश वैद्य रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके अवयवपरत्वे मांडले. १९९३ मध्ये मॉर्टन क्रेडिटर यांनी वृद्धांच्या संदर्भात रुग्णालयवासाच्या धोक्यांची मांडणी केली.

कारणे
वार्धक्यात स्नायूंची राखीव शक्ती कमी असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी सुमारे एक किलोग्रॅमने घटले. प्रत्यक्ष रुग्णालयात या निश्चलतेत आजाराची भर पडते. २००९ मधील एका अभ्यासात, आजारापूर्वी चालू-फिरू शकणारे ज्येष्ठ रुग्ण रुग्णालयातील ८३ टक्के वेळ पडून असल्याचे आढळले.

याशिवाय पुढील कारणे संभवतात :
* सलाईन व लघवीची नळी यांमुळे हालचालीला अडथळा येणे
* तपासण्यांसाठीचा उपवास, बेचव अन्न वा घरी राहिलेली कवळी यांमुळे आहार घटणे
* झोपमोड, अनोळखी परिसर, चष्मा वा श्रवणयंत्र जवळ नसणे आणि त्यातून उद्भवणारा संभ्रम
* गुंगी आणणारी औषधे
* रुग्ण पडेल या भीतीने त्याला उठू न देणे

शेवटचे कारण बहुधा मायेपोटी घडते. भारतात रुग्णाजवळ बहुधा नातेवाईक असतो. तो घास भरवतो, भांडे देतो, उठू देत नाही. त्यामुळे रुग्ण स्वतः करू शकेल अशी कामेही त्याच्याकडून सुटतात.

परिणाम
२००८ मधील एका अमेरिकी अभ्यासात, नवे परावलंबन घेऊन घरी गेलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्ण वर्षभरात मरण पावले, २९ टक्के हयात असूनही पूर्वस्थितीला आले नाहीत आणि ३० टक्केच पूर्ववत झाले. मृत्यूंमागे मूळ आजाराची तीव्रताही असल्याने केवळ परावलंबनाला त्यांचे कारण मानता येत नाही.

प्रतिबंध
येल विद्यापीठातील शेरॉन इनोये यांच्या कार्यक्रमात चालणे, झोप, पाणी, दृष्टी व श्रवण यांकडे नियमित लक्ष दिल्याने संभ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पेनमधील पाम्प्लोना येथे ३७० वृद्ध रुग्णांवर झालेल्या चाचणीत, देखरेखीखालील दैनंदिन व्यायामाने कार्यक्षमतेची घसरण रोखता आली.

वैद्यकीय अनुमतीने साध्या उपायांचाही अवलंब करता येतो : खुर्चीत बसून जेवणे, दिवसातून अनेकदा थोडे चालणे, गरज संपताच नळ्या काढून टाकण्याविषयी विचारणे, चष्मा व पायात घट्ट बसणारी चप्पल जवळ ठेवणे. हृदयविकार, अस्थिभंग वा शस्त्रक्रियेनंतर हालचालीची मर्यादा डॉक्टरांनी ठरवणे आवश्यक असते.

भारतातील व्यवस्था
केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष व फिजिओथेरपीची सोय यांची तरतूद आहे.

हेही पाहा
* वार्धक्य
* फिजिओथेरपी
* शय्याव्रण