अश्वगंधा आणि निद्रा : दोन नांवांचा निर्णय

लासूर स्टेशनसारख्या कोरड्या मुलखांत पडीक रानांत अश्वगंधा ऊर्फ आस्कंद ही वनस्पति आपोआप उगवते. ती निद्राकारक आहे हें प्राचीन आचार्यांस ठाऊक होतें, असें अलीकडे सर्रास लिहिलें जातें. या विधानास ग्रंथाधार कितपत आहे, हें आम्ही येथें पाहणार आहों.

संस्कृत नांव मुळाच्या घोड्यासारख्या वासावरून पडलें. त्यांत निद्रेचा उल्लेख नाहीं. चरकानें सूत्रस्थानाच्या ४थ्या अध्यायांत ती बल्य व बृंहणीय गणांत घातली. २१व्या अध्यायांत निद्रानाशावर अभ्यंग, स्नान, दूध, दहीं, शालिभात, मनाची प्रसन्नता असे उपाय सांगितले. तेथें अश्वगंधा नाहीं. भावप्रकाशहि गुणवर्णनांत तिला बल्य व रसायनी म्हणतो, निद्राकर म्हणत नाहीं. ‘सोम्निफेरा’, म्हणजे निद्रा आणणारी, हें नांव लिनीअसनें १७५३ सालीं दिलें. त्यामागें डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्यानें वर्णिलेल्या निद्राकारक वनस्पतीची परंपरा आहे.

मग लॅटिन नांव व्यर्थ काय? तसें नाहीं. २०१७ सालीं जपानांतील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनीं पानांतील ट्रायएथिलीन ग्लायकॉल या द्रव्यानें उंदरांची झोंप वाढते असें दाखविलें. विथॅनोलाइडयुक्त अर्कानें ती वाढली नाहीं. वैद्य मात्र मूळ वापरतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ६० रुग्णांवरील भारतीय चाचणींत मुळाच्या अर्कानें १० आठवड्यांत झोंप लवकर लागूं लागल्याचें नमूद आहे.

सारांश, गुण खरा असूं शकेल. परंतु त्याचें प्रमाण प्रयोगांत आहे, चरकांत नव्हे. ग्रंथकारानें न म्हटलेलें त्याच्या पदरीं घालणें हा त्याचा गौरव नव्हे, असें आमचें मत आहे.