उचल, गिरमिट आणि पासपोर्ट

आपल्या बचत गटांत कर्जाच्या अर्जावर शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी अशी कारणं लिहिलेली असतात. अलीकडे एखाद्या अर्जावर ‘परदेशात नोकरी’ असंही वाचायला मिळतं. बाईनं लांब जाऊन कमवावं, यात वावगं काहीच नाही. पण दूरच्या कामाला निघालेल्या माणसांचा एक जुना इतिहास आहे आणि तो आपल्या दारातूनच सुरू होतो. तो ऐकून मग अर्जावर सही करू या.

कर्जतहून गाडी पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला चढते, तो बोरघाट. 1856 साली इथं रेल्वेचं काम सुरू झालं आणि 1863 साली गाडी घाट चढली. 25 बोगदे खोदावे लागले. हजारो मजूर लांबलांबच्या मुलखांतून आले होते, बायकापोरांसकट. पटकीच्या साथीत त्यांतली फार माणसं दगावली. मजुरीची वाट मात्र सरळ नव्हती. वर रेल्वे कंपनी, तिच्याखाली इंग्रज कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, मग मुकादम आणि सगळ्यांत खाली पाटी उचलणारी बाई. पैसा वरून निघायचा, तो खाली येईपर्यंत उशीर व्हायचा आणि वाटेत गळायचाही. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर भडकले, दंगा झाला आणि त्यात एका गोऱ्याचा जीव गेला. पुढं त्या कंत्राटदारानं काम सोडलं.

नवं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळालं. ते पत्नी अ‍ॅलिससह विलायतेहून आले आणि काही आठवड्यांतच वारले. परका मुलूख, नवरा गेलेला, अर्धवट घाट समोर. अ‍ॅलिसबाई परत गेल्या नाहीत. त्यांनी कंत्राट स्वतः पुढं चालवायला घेतलं, कामाची माहिती असलेले दोन इंजिनिअर देखरेखीला नेमले आणि घाट पुरा करून घेतला. त्यांच्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या, गोरेपणाचा मान होता, हे खरंच. पण दोघी बायका एकाच घाटात, एकाच कामावर होत्या. एकीचा हक्क कागदावर लिहिलेला होता. दुसरीचा हक्क मुकादमाच्या तोंडी शब्दावर होता.

घाटातली ही रेल्वे खाली मुंबईला जाते, आणि त्याच काळात मुंबई बंदरातून आपली मराठी माणसं जहाजानं मॉरिशसला ऊस तोडायला जात होती. तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी 1834 पासून भारतातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, काही मुंबईहून. कराराला इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. मजुरांच्या तोंडी त्याचं झालं गिरमिट. सुरुवातीच्या करारात 5 वर्षांची बांधिलकी आणि गड्याला महिना 5 रुपये पगार. काही महिन्यांची उचल आधीच मिळायची, पण तिचा मोठा वाटा भरती करणारे दलालच लाटायचे. मळ्यावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. ओरड इतकी झाली, की 1839 साली सरकारनं ही भरती बंद केली. 1842 च्या कायद्यानं ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा बंदरावर सरकारी देखरेख आली. कागदावर कायदा आला, तरी हाल एकदम थांबले नाहीत.

तरीही ती माणसं टिकली. मॉरिशसमध्ये आज मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट, जिथं ही माणसं उतरली, तो 2006 पासून जागतिक वारसा आहे.

उचल हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. आपल्याच तालुक्यांतली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि हंगामभर ती फेडत राहतात. परदेशी नोकरीच्या एजंटला कर्ज काढून पैसे देणं म्हणजे उलटी उचल. काम सुरू व्हायच्या आधीच आपण बांधले जातो.

म्हणून आजचा कायदा समजून घेऊ. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे एजंट सरकारकडे नोंदलेला हवा. त्याची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. तो सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ‘ईसीआर’ प्रकारचा असतो. अशांना सौदी, कुवेत, ओमान, कतार, दुबई धरून 18 देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते आणि 30 वर्षांखालच्या बाईला ती देत नाहीत. ‘फिरायच्या व्हिसावर चला, तिथं बदलून घेऊ,’ असं कोणी म्हणालं, की समजावं, ही मंजुरी चुकवायची वाट आहे. त्या वाटेनं गेलेल्या बाईचा करार सरकारदरबारी नोंदलेलाच नसतो. मंजुरीनं जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेत 10 लाखांचा अपघात विमाही असतो. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजी माहिती मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स कार्यालयातून घ्यावी.

करार आपल्याला कळेल अशा भाषेत कोणाकडून तरी वाचून घ्या. पगार किती, कोण देणार, सुट्टी कधी, परतीचं तिकीट कोणाचं, हे चार प्रश्न विचारा. पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या प्रती घरी ठेवा, एक संच गटाकडे द्या. तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर पाठ करा. आणि पगार जमा व्हायला स्वतःच्या नावाचं खातं ठेवा.

गटांनाही एक विनंती. परदेशी नोकरीच्या कर्जाचा अर्ज आला, तर करार आणि एजंटची पावती बैठकीत मोठ्यानं वाचल्याशिवाय कर्ज मंजूर करू नका. आपण हप्त्याची वही रुपया-रुपयानं तपासतो. मैत्रिणीच्या दोन-तीन वर्षांचा कागद तेवढ्याच काटेकोरपणे तपासू या.