माल्कम मगरिज यांच्या दोन साक्षी

मदर तेरेसांची कीर्ती जगभर नेणारे इंग्रज पत्रकार म्हणून माल्कम मगरिज (१९०३–१९९०) आपणांस ठाऊक आहेत. १९६९ साली बीबीसीसाठी कलकत्त्यात चित्रीकरण करताना निर्मल हृदयच्या अंधाऱ्या दालनातील दृश्ये उजळ निघाली. मगरिज यांना त्यात दैवी प्रकाश दिसला. कॅमेरामन केन मॅकमिलन यांनी श्रेय कोडॅकच्या नव्या फिल्मला दिले. आम्हांस मॅकमिलन यांचेच म्हणणे पटते. मदरच्या सेवेला त्याने काही उणेपणा येत नाही. पुढे १९८२ साली मगरिज पत्नी किटीसह कॅथलिक ख्रिस्तसभेत आले.

त्यांची पहिली साक्ष मात्र आपल्यात फारशी कोणी सांगत नाही. साम्यवादाचे स्वप्न उराशी घेऊन ते १९३२ साली मँचेस्टर गार्डियनचे वार्ताहर म्हणून मॉस्कोस गेले. पुढच्याच वर्षी युक्रेन व उत्तर कॉकेशसमध्ये त्यांनी भुकेने मरणारे शेतकरी पाहिले. त्यांचे धान्य सरकारनेच काढून नेले होते! सेन्सॉर चुकवून राजनैतिक टपालातून त्यांनी तीन लेख धाडले. ते मार्च १९३३ मध्ये छापून आले. त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सचे वॉल्टर ड्युरांटी यांनी उपासमारीचे वृत्त नाकारले. ड्युरांटी पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. मगरिज यांच्या लेखांखाली त्यांचे नावही छापलेले नव्हते.