आगगाडी आणि मुंबईची कारखानदारी

मुंबईहून ठाणे-कल्याणमार्गे थळ आणि बोर या घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या मुक्कामी सुचली, असे सांगतात. मुलुंड-घाटकोपरच्या श्रोत्यांना ही हकीकत ऐकविताना आम्हांस थोडा आनंद होतो; कारण मुंबईच्या इतिहासात उपनगरांच्या वाट्याला बहुधा मिठागरे आणि भातशेतीच येते. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे. हा प्रसंग आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आम्हांला त्याच्या पुढचे विचारावयाचे आहे : या रुळांनी आपल्याकडे कारखानदारी आणली काय, आणि आणली असल्यास कोणती?

त्याच १८५३ साली कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिले की, लोखंड आणि कोळसा असलेल्या देशात एकदा आगगाडी शिरली म्हणजे तिच्या पाठोपाठ कारखाने आल्यावाचून राहणार नाहीत. अमेरिकेपुरते पाहिले तर हे भाकीत खरे ठरले. तेथेही आरंभी रूळ इंग्लंडातूनच येत. पण परदेशी रुळांवर जबर जकात बसली, कंपन्यांना सरकारने विकण्याजोग्या जमिनी दिल्या आणि १८६९ साली लोहमार्ग पॅसिफिक किनाऱ्याला भिडला. १८७५ साली कार्नेगीने पिट्सबर्गजवळ पोलादाचा कारखाना काढला तो मुख्यत्वे रुळांसाठीच. रेल्वे हीच तेथील पोलादाची सर्वांत मोठी गिऱ्हाईक झाली.

आपल्याकडे करारच निराळा होता. १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी मिळाली आणि लोहमार्गाची जमीन फुकट. नफा कमी पडला तर तूट तिजोरीने, म्हणजे रयतेने भरावयाची. मग काटकसर कोणी करावी? रूळ इंग्लंडचे, इंजिने इंग्लंडची, पूल इंग्लंडचे. घाम तेवढा येथला. बोरघाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते.

तरीही मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्याच. हे श्रेय आगगाडीला सरसकट देण्याची चाल आहे, पण तारखा जरा लावून पाहाव्यात. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांच्या गिरणीत सूत निघू लागले. तेव्हा घाट चढून गाडी गेलेलीच नव्हती! १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचे मोल आले, त्या वेळीही पुष्कळसा माल बैलगाड्या आणि गलबतांनीच बंदरावर येत होता. बोरघाट खुला झाला १८६३ साली, थळघाट १८६५ साली, आणि नागपूर जोडले गेले १८६७ साली. म्हणजे रूळ वऱ्हाडच्या कापसापर्यंत पोहोचले तोवर तेजी ओसरून शेअरवाल्यांची दिवाळी निघाली होती. आमच्या मते खरी गंमत येथेच आहे. लँकेशायरसाठी टाकलेल्या या रुळांवरून आता कापूस स्वस्तात मुंबईच्या दारी येऊन पडू लागला, आणि तो येथेच कातण्यात फायदा आहे हे येथल्या व्यापाऱ्यांनी ओळखले. १८६५ साली दहाच्या आसपास असलेल्या गिरण्या शतकाअखेर ऐंशीच्या घरात गेल्या. त्यांत राबणारा कोकणी माणूस मात्र आगगाडीने आला नाही. तो गलबताने, आगबोटीने, नाही तर पायी आला. रत्नागिरीस गाडी जावयास विसावे शतक सरत यावे लागले.

मालाच्या भाड्याचे दरही असे की, बंदराकडे जाणारा माल स्वस्त आणि देशातल्या देशात फिरणारा महाग. हे ओझे ओळखूनच जमशेटजी टाटांनी १८७७ साली आपली एम्प्रेस मिल कापसाच्या गावी, नागपुरात काढली असावी.

आणि इंजिने? परळच्या कारखान्यात आमचे कारागीर इंजिन सुटे करून पुन्हा जोडीत. अजमेरला १८९५ साली एक इंजिन आरंभापासून बांधूनही झाले. हात होते, विद्या होती. मागणी मात्र विलायतेला जाई. चित्तरंजनचा कारखाना १९५० साली सुरू झाला, बोरीबंदरच्या त्या गाडीनंतर सत्त्याण्णव वर्षांनी.

आपल्या उपनगरांचे काय झाले? कापसाच्या वाघिणी भांडुप-मुलुंडवरून धडधडत गेल्या, थांबल्या नाहीत. अपवाद कुर्ल्याचा. तेथे गिरणी होती, आणि १८८६ साली टाटांनी ती घेऊन तिला स्वदेशी मिल केली. बाकी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही गावेच राहिली. १८९६ च्या प्लेगने शहरातील मध्यमवर्ग हवापालटाच्या निमित्ताने इकडे सरकला. १९२५ साली विजेची गाडी कुर्ल्यास आली, १९२८ साली बोरिवलीस. म्हणजे रुळांनी आपल्याकडे आधी आणली ती बिऱ्हाडे. भांडुप-मुलुंडच्या बाजूस कारखान्यांची रांग लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तीही आग्रा रोडच्या कडेने, मालमोटारींच्या भरवशावर. त्यांतील पुष्कळ आता बंद पडून तेथे उंच इमारती झाल्या आहेत. सकाळच्या गाड्या अजून दक्षिणेकडेच भरून जातात, कापसाच्या गाठी जात असत त्याच दिशेने.