काळा दिन आणि उरलेले 364 दिवस

17 जानेवारी 1956 रोजी बेळगावात झालेल्या गोळीबारात मराठी बांधव हुतात्मा झाले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला सीमाभाग तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. तेव्हापासून ही तारीख आपण काळा दिन म्हणून पाळतो.

परंतु त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन अनुच्छेदांची भर घातली, याचे स्मरण क्वचितच होते. अनुच्छेद 350क अन्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याची जबाबदारी राज्यावर आली. 350ख अन्वये या संरक्षणांचा आढावा घेणारा विशेष अधिकारी मिळाला. गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क तर मूळ अनुच्छेद 350 मध्येच आहे.

मोर्चात सहभागी होणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी कचेरीत मराठीत लेखी निवेदन देऊन पोच घेतात? वर्षातून एकदा व्यक्त होणारा संताप उरलेल्या दिवसांच्या उदासीनतेवर पांघरूण घालतो. न वापरलेला हक्क कागदावरच राहतो.

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल आपल्या हाती नाही. मराठीत निवेदन देणे मात्र आजही आपल्याच हाती आहे.